मूळ मापातील महाकाय कीटक : भित्तिफलक प्रकल्पाच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२५

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येणाऱ्या वन्यजीव सप्ताहासाठी विभागाच्या व्हरांड्यातील लांब भिंतीवर जगातील सर्वांत मोठ्या कीटकांचा फलक करण्याचे आज निश्चित झाले. प्रत्येक कीटकाची आकृती त्याच्या मूळ मापातच छापायची, ही एकच अट सुरुवातीला घातली आहे. पुस्तकात किंवा मोबाइलच्या पडद्यावर सगळे कीटक सारख्याच आकाराच्या चौकटीत बसवलेले असतात, त्यामुळे शेजारी लिहिलेले सेंटिमीटर डोळ्यांसमोर उभे राहत नाहीत.

विद्यार्थ्यांनी आणलेल्या यादीत मोठ्यापासून लहानापर्यंत एकाखाली एक नावे होती. ती यादी तशी वापरता येणार नाही. लांबीत पहिला येणारा काडीकीटक वजनात मागे पडतो, वजनदार वेटा या नाकतोड्यासारख्या कीटकाला पंखच नसतात, आणि पंखविस्तारात आघाडीवर असलेला पतंग पंखांच्या क्षेत्रफळात दुसऱ्या पतंगापुढे हरतो. म्हणून भिंतीचे लांबी, वजन, पंखविस्तार आणि पंखांचे क्षेत्रफळ असे चार भाग करायचे ठरले. प्रत्येक आकड्यासोबत तो कोणत्या स्थितीत मोजला गेला, हेही लिहायचे. प्राणी पाळलेला होता की रानातला, पाय ताणून मोजला की नुसते शरीर मोजले, पोटात अंडी होती की नव्हती, यावर विक्रमाचा बराच भाग अवलंबून असतो.

कोळी, विंचू आणि घोण यांना या फलकावर जागा नाही. पाहायला येणारे निम्मे लोक तरी "मोठा कोळी कुठे आहे?" असे विचारणार, हे गृहीत धरून सहा पायांची अट वरच ठळक छापणार आहोत.

७ ऑगस्ट

लांबीचा भाग हाती घेतला. बोर्निओतील फोबेटिकस चानी या काडीकीटकाचे शास्त्रीय वर्णन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची एकूण लांबी ५६.७ सेंमी आणि केवळ शरीराची लांबी ३५.७ सेंमी आहे. या दोन आकड्यांमधले २१ सेंमी म्हणजे ताणलेले पाय. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील या नमुन्याने आधीच्या विक्रमी काडीकीटकाला एकूण लांबीत जेमतेम सेंटिमीटरभराने मागे टाकले होते. हा मान फार वर्षे टिकला नाही. चीनच्या क्वांगशी प्रांतात २०१४ मध्ये चाओ ली यांना सापडलेल्या मादीची लांबी ६२.४ सेंमी भरली. तिचे नाव फ्रिगॅनिस्ट्रिया चायनेन्सिस. पुढे छंगतू येथील कीटक संग्रहालयात या जातीच्या पिल्लांपैकी एक ६४ सेंमीपर्यंत वाढले, आणि आज लांबीचा विक्रम त्याच्याकडे आहे.

पाय धरून मोजलेली लांबी फसवी असते, असा आक्षेप एका विद्यार्थिनीने घेतला. तो पूर्णपणे मान्य करता येत नाही. काडीकीटक विश्रांती घेताना पुढचे दोन पाय मिशांसह सरळ समोर ताणून धरतो आणि डोके मध्ये नीट बसावे म्हणून त्या पायांच्या मांड्या बुडाशी वाकलेल्या असतात. झाडावर त्याला पाहणाऱ्या पक्ष्याला दिसते ती हीच लांब काडी. तरीही मागचे पाय मागे ओढून मोजण्याची पद्धत निसर्गातली नाही, हे तिचे म्हणणे खरे आहे. तोडगा म्हणून आकृतीखाली दोन पट्ट्या छापू, एक पायांसह आणि एक पायांविना. फोबेटिकस चानीच्या अंड्याला दोन्ही बाजूंना पंखासारखे पातळ पापुद्रे असतात आणि त्यांच्या आधाराने ते वाऱ्यावर थोडे दूर जाऊ शकते. ती आकृती कोपऱ्यात घ्यायची आहे, मात्र मूळ मापात ती इतकी लहान येईल की शेजारी भिंग टांगावे लागेल.

१२ ऑगस्ट

वजनाचा भाग सर्वांत अवघड आहे आणि त्याचे कारण संग्रहालयांच्या पेट्यांमध्ये आहे. टाचणीवर लावलेल्या वाळलेल्या कीटकाची लांबी दोनशे वर्षांनंतरही मोजता येते. वजन मात्र त्यातील पाण्यासोबत निघून गेलेले असते. त्यामुळे लांबीचे आकडे मुबलक मिळतात, तर जिवंत कीटक तराजूवर ठेवून घेतलेल्या वजनांच्या नोंदी अगदी थोड्या आहेत.

प्रौढ कीटकांत नेहमी सांगितला जाणारा ७१ ग्रॅमचा विक्रम न्यूझीलंडमधील वेटापुंगा या वेटाचा, म्हणजे नाकतोड्याच्या दूरच्या नातलगाचा आहे. ही मादी पाळलेली होती आणि तिचे पोट अंड्यांनी गच्च भरलेले होते. सर्वसाधारण वेटापुंगाचे वजन याच्या निम्म्याच्या आतबाहेर असते. म्हणून आकृतीखाली ७१ हा आकडा एकटा लिहायचा नाही. तुलनेसाठी चिमणीचे वजन २५ ते ३० ग्रॅमच्या दरम्यान असते, एवढे एक वाक्य पुरे.

आफ्रिकेतील गोलायथ भुंगेऱ्याच्या बाबतीत वेगळाच पेच आहे. त्याची पूर्ण वाढलेली अळी सुमारे १०० ग्रॅमपर्यंत भरते, तर प्रौढ भुंगेरा तिच्या निम्म्या वजनाचा असतो. अशा कीटकाची सगळी वाढ अळीच्या अवस्थेत होते. कोषातून बाहेर पडल्यावर तो वाढत नाही. कोषात शरीराची पुनर्रचना होत असताना साठवलेली चरबी आणि पाणी खर्च होते. दक्षिण अमेरिकेतील मेगासोमा ॲक्टिऑन या भुंगेऱ्याची जपानमध्ये २००९ साली वाढवलेली एक अळी २२८ ग्रॅम भरली होती. "सर्वांत वजनदार कीटक" या शब्दांत अळी धरायची असेल, तर वेटाच काय, कोणताही प्रौढ कीटक तिच्या जवळपास पोहोचत नाही. माझ्या मते अळी धरायलाच हवी. अळी हीही कीटकच आहे, आणि कित्येक जातींत कीटक आयुष्याचा मोठा भाग अळी म्हणूनच काढतो. तरी गोंधळ टाळण्यासाठी प्रौढ आणि अळी यांच्या ओळी वेगळ्या ठेवू.

गोलायथ अळीच्या आहाराबद्दलची एक गोष्ट फलकावर यायलाच हवी. बहुतेक भुंगेऱ्यांच्या अळ्या कुजक्या लाकडावर आणि पालापाचोळ्यावर वाढतात. हिला मात्र प्रथिने भरपूर लागतात, म्हणून ती पाळणारे छंदी लोक तिला कुत्र्या-मांजरांचे तयार कोरडे खाद्य देतात.

१४ ऑगस्ट

वजनाच्या भागात ताजी भर घालावी लागली. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधील अ‍ॅथर्टन पठारावरच्या उंच, दमट जंगलातून ॲक्रोफिला आल्टा या नव्या काडीकीटकाचे वर्णन गेल्याच महिन्यात प्रसिद्ध झाले. लांबी सुमारे ४० सेंमी आणि वजन ४४ ग्रॅम. ऑस्ट्रेलियातील वजनदार कीटक म्हणून आजवर बिळात राहणाऱ्या गेंडा-झुरळाचे नाव घेतले जाई. ही मादी त्याच्याहूनही जड आहे. एवढा मोठा प्राणी इतकी वर्षे लपून राहिला, याचे साधे कारण म्हणजे तो झाडांच्या शेंड्यांवर राहतो. वादळाने किंवा एखाद्या पक्ष्याने खाली पाडल्याशिवाय तो माणसाच्या दृष्टीस पडणे कठीण आहे.

१९ ऑगस्ट

भुंगेऱ्यांच्या लांबीवरून आज बरीच चर्चा झाली. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील टायटन भुंगेरा १६.७ सेंमीपर्यंत वाढतो. कॅरिबियन बेटांपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत आढळणारा हर्क्युलिस भुंगेरा १७ सेंमीच्याही पुढे जातो. तथापि हर्क्युलिसच्या लांबीचा मोठा हिस्सा नराच्या छातीतून पुढे आलेल्या शिंगाचा असतो. मादीला शिंग नसते आणि ती नराच्या निम्म्या लांबीचीही भरत नाही. शिंग वगळले तर टायटनच मोठा. शिंग हा शरीराचाच भाग आहे, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दाही तितकाच रास्त आहे, कारण ते काही पायांसारखे ताणून लांब करता येत नाही. दोन्ही नर शेजारी-शेजारी लावून त्यांच्यामध्ये हर्क्युलिसची मादी ठेवायची, म्हणजे पाहणाऱ्याला आपला कौल स्वतःच देता येईल.

हर्क्युलिसचे पंखकवच कोणत्या रंगात छापायचे हा प्रश्न चित्रकाराने विचारला आणि तो अगदी योग्य होता. हवा कोरडी असताना ते कवच पिवळसर हिरवे दिसते आणि दमट हवेत काळे पडते. वरच्या पारदर्शक थराखाली स्पंजासारखा सच्छिद्र थर असतो. त्यात हवा असते तोवर प्रकाश परावर्तित होतो, आणि पाणी भरले की तो आत शिरून काळ्या थरात शोषला जातो. नर दोन कवचांपैकी एक पिवळे आणि एक काळे असा छापू. तसा भुंगेरा निसर्गात दिसणे अवघड असल्याने खुलासा लागेल, पण रंगबदल एका नजरेत समजेल.

टायटन आणि गोलायथ या दोन्ही भुंगेऱ्यांना लिनिअसने १७७१ साली नावे दिली. त्यानंतर अडीचशे वर्षे लोटली तरी टायटनची अळी रानात कोणाला सापडलेली नाही. ती जमिनीखाली कुजणाऱ्या लाकडात वाढत असावी, असे तिच्या कुळातील इतर भुंगेऱ्यांवरून मानले जाते. प्रौढ टायटन काहीच खात नाही. अळीने साठवलेल्या चरबीवर तो काही आठवडे उडतो, जोडीदार शोधतो आणि मरतो. फ्रेंच गयानात रात्री लावलेल्या दिव्यांकडे जे येतात ते बहुतेक नर असतात.

विभागाच्या संग्रहातील नारळावरचा गेंड्या भुंगा हर्क्युलिसच्या शेजारी खऱ्या पेटीतच लावावा, अशी सूचना प्रयोगशाळा साहाय्यकांनी केली आणि ती लगेच मान्य झाली. हे दोन्ही एकाच उपकुळातील आहेत. कोकणात माड लावणाऱ्या प्रत्येकाला हा साडेचार-पाच सेंटिमीटरचा भुंगा आणि त्याने पोखरलेली सुई, म्हणजे माडाचा न उमललेला कोंब, माहीत असते, त्यामुळे हर्क्युलिसचे माप त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

२ सप्टेंबर

गौरी-गणपतीच्या सुट्टीनंतर पंखांचा भाग हाती घेतला. जगातील सर्वांत मोठे फुलपाखरू म्हणजे पापुआ न्यू गिनीच्या ओरो प्रांतातील क्वीन ॲलेक्झांड्राज बर्डविंग. मादीचा पंखविस्तार २५ ते २८ सेंमी असतो. ती तपकिरी असते आणि निळा-हिरवा नर तिच्यापेक्षा लहान असतो. आल्बर्ट मीक यांनी १९०६ साली मिळवलेली पहिली मादी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेली होती आणि वॉल्टर रॉथशिल्ड यांनी १९०७ मध्ये तिचे वर्णन केले. इतक्या मोठ्या आणि झाडांच्या शेंड्यांवर उडणाऱ्या फुलपाखराला जाळीने पकडणे सोपे नव्हते, हे त्या बंदुकीवरूनच कळते. तिच्या अळीला ॲरिस्टोलोकिया वर्गातील वेल लागतो. तो वेल असलेले जंगल १९५१ मध्ये माउंट लॅमिंग्टन ज्वालामुखीच्या उद्रेकात बऱ्याच प्रमाणात जळाले आणि पुढे तेलमाडाच्या लागवडीने आणखी कमी झाले. आज या फुलपाखराच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला पूर्ण बंदी आहे.

पतंगांत मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील व्हाइट विच याचा पंखविस्तार २८ सेंमीच्या आसपास आणि क्वचित त्याहून अधिक भरतो. त्याचे पंख लांबट आणि निमुळते असल्याने क्षेत्रफळात मात्र न्यू गिनी व उत्तर क्वीन्सलँडमधील हर्क्युलिस पतंग पुढे जातो. या दोहोंच्या आकृती आलेख कागदावर ठेवून विद्यार्थ्यांनी चौकोन मोजले, आणि माझ्या दृष्टीने हा या प्रकल्पातला सर्वांत उपयुक्त तास होता. क्षेत्रफळाचे आकडे आयते लिहिण्याऐवजी चौकोनांसह तोच आलेख कागद फलकावर चिकटवू.

ॲटलस पतंगाबद्दल जरा काटेकोर लिहावे लागेल. दर पावसाळ्यात कोकणातील किंवा घाटमाथ्यावरील एखाद्या गावी भिंतीवर बसलेला मोठा तांबूस पतंग दिसतो आणि "जगातील सर्वांत मोठा पतंग सापडला" अशी बातमी छापून येते. सुमारे २५ सेंमीपर्यंत जाणारा ॲटलस सर्वांत मोठ्या पतंगांपैकी एक निश्चितच आहे, परंतु पहिल्या क्रमांकावर नाही. शिवाय सह्याद्रीत आढळतो तो श्रीलंकेतही असणारा ॲटॅकस टॅप्रोबॅनिस, म्हणजे ॲटलसचा सख्खा नातेवाईक. प्रौढ ॲटलसला खाण्याजोगे तोंड नसते, त्यामुळे थोड्याच दिवसांत त्याचे आयुष्य संपते. बातमीतला पतंग सहसा हलत नाही, तो आजारी असतो म्हणून नव्हे. दिवसा शक्ती वाचवणे त्याला भागच असते.

भारतापुरते पाहिले तर चार मिलिमीटरांचा एक किस्सा आहे. ब्रिगेडियर इव्हान्स यांनी १९३२ मध्ये नोंदवलेली १९० मिमी पंखविस्ताराची सदर्न बर्डविंग मादी तब्बल ८८ वर्षे देशातील सर्वांत मोठे फुलपाखरू मानली जात होती. उत्तराखंडमधील डीडीहाट येथील गोल्डन बर्डविंगची मादी १९४ मिमी भरल्याचे २०२० साली जाहीर झाले. सदर्न बर्डविंग सिंधुदुर्ग आणि गोव्यातही दिसत असल्याने दोन्ही आकृती शेजारी लावू. ज्याला फरक ओळखता येईल त्याची नजर खरोखर तयार असली पाहिजे.

९ सप्टेंबर

कीटक याहून मोठे का होत नाहीत, हा प्रश्न फलकाच्या मध्यभागी असेल. कीटकाला फुप्फुसे नसतात आणि त्याचे रक्त प्राणवायू वाहून नेण्याचे काम सहसा करत नाही. शरीराच्या बाजूंना असलेल्या श्वासरंध्रांतून हवा थेट श्वासनलिकांत शिरते आणि त्यांच्या बारीक होत जाणाऱ्या फाट्यांतून पेशींपर्यंत पोहोचते. शरीर वाढले की अंतर वाढते, आणि तेवढाच प्राणवायू पोहोचवायला नळ्या जाड कराव्या लागतात. अमेरिकेतील आर्गोन प्रयोगशाळेत ॲलेक्झांडर कैसर आणि सहकाऱ्यांनी लहान-मोठ्या चार जातींच्या भुंगेऱ्यांच्या श्वासनलिका क्ष-किरणांनी पाहिल्या. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार भुंगेरा जितका मोठा, तितका त्याच्या शरीराचा अधिक हिस्सा नळ्या व्यापतात, आणि सर्वांत आधी अडचण येते ती पाय जिथे शरीराला जोडलेला असतो त्या अरुंद तोंडाशी. तिथे स्नायू, मज्जातंतू आणि नळ्या एकत्र जायच्या असतात. हा हिशेब पुढे ताणला तर भुंगेऱ्याची कमाल लांबी १५ सेंमीच्या आसपास येते, आणि टायटन भुंगेरा जवळपास तिथेच थांबलेला आहे.

प्राचीन काळाबद्दल लिहिताना सावध राहावे लागेल. फ्रान्समधील कोमांत्री येथील कोळशाच्या खाणींतून मिळालेल्या मेगॅन्यूरा या चतुरासारख्या कीटकाला शार्ल ब्राँनियार यांनी १८८५ मध्ये नाव दिले. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या या प्राण्याचा पंखविस्तार ६५ सेंमीच्या पुढे होता. अमेरिकेतील पर्मियन या भूशास्त्रीय काळातील खडकांत मिळालेला मेगॅन्युरॉप्सिस त्याच्याही पुढचा, अंदाजे ७१ सेंमीचा. हा अंदाज अपुऱ्या पंखावरून बांधलेला आहे, म्हणून ती आकृती तुटक रेषेने छापायची. त्या काळी हवेत प्राणवायू ३० टक्क्यांच्या वर गेला होता आणि आज तो २१ टक्के आहे, हे बहुतेक पुस्तकांत असते. एवढ्यावर थांबलेल्या मजकुराला मी मान्यता देणार नाही. ॲरिझोनातील प्रयोगांत जास्त प्राणवायूत वाढवलेले चतुर सुमारे १५ टक्क्यांनी मोठे झाले, पण झुरळे मोठी झाली नाहीत, उलट त्यांना वाढायला अधिक काळ लागला. मॅथ्यू क्लॅपहॅम आणि जेरेड कार यांनी १०,५०० हून अधिक जीवाश्म पंखांची मापे तपासून २०१२ मध्ये दाखवले की सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत पंखांचे आकार प्राणवायूच्या चढउतारासोबत बदलत होते. पुढे प्राणवायू वाढूनही कीटक लहानच होत गेले. हाच पक्ष्यांच्या उदयाचा काळ आहे. मोठा आणि संथ कीटक पक्ष्याच्या तोंडी आधी लागतो.

१६ सप्टेंबर

बेटांचा वेगळा पट्टा करायचा ठरला. मोठे, न उडणारे कीटक आज जिथे टिकले आहेत, ती बहुतेक उंदीर नसलेली बेटे आहेत. न्यूझीलंडमध्ये माणूस येण्यापूर्वी वटवाघळांखेरीज जमिनीवरचे सस्तन प्राणी नव्हते, आणि उंदरांची जागा वेटांनी घेतलेली होती. माणसासोबत उंदीर आले. त्यानंतर वेटापुंगा उरला तो फक्त ऑकलंडजवळच्या हौतुरू बेटावर. तिथले उंदीर २००४ मध्ये संपवण्यात आले. त्यानंतर पाळून वाढवलेले वेटापुंगा तिरितिरी मातांगी आणि इतर बेटांवर सोडले जात आहेत.

ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटावरील काडीकीटकाची हकिगत याहून नाट्यमय आहे. मकाम्बो नावाचे जहाज १९१८ मध्ये तिथे किनाऱ्याला लागले आणि जहाजावरचे काळे उंदीर बेटावर उतरले. १५ सेंमीपर्यंत वाढणारा, दणकट, बिनपंखी असा हा कीटक काही वर्षांतच नाहीसा झाला. पुढे २००१ मध्ये सुमारे २३ किलोमीटर दूर समुद्रातून उभ्या वर आलेल्या बॉल्स पिरॅमिड या सुळक्यावर एका झुडपाखाली तो जिवंत सापडला. साडेपाचशे मीटरांहून उंच अशा त्या खडकावर त्याचे जग म्हणजे जेमतेम ती झुडपे. २००३ मध्ये दोन जोड्या खाली आणल्या गेल्या, त्यांतील एक मेलबर्न प्राणिसंग्रहालयात गेली आणि तिच्यापासून हजारो पिल्ले वाढली. लॉर्ड हाऊवर उंदीर संपवण्याची मोहीम २०१९ मध्ये झाली. ही माहिती उपमथळ्यांत न तोडता सलग परिच्छेदात ठेवू. भिंतीवर एवढे कोणी वाचत नाही, हा आक्षेप मला मान्य नाही.

१९ सप्टेंबर

उरलेल्या जागेत तीनच छोट्या आकृती बसतील. इंडोनेशियाच्या मोलुक्का बेटांतील वॉलेसची महाकाय मधमाशी ३८ मिमी लांबीची आहे. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांना ती १८५८ मध्ये मिळाली, नंतर १९८१ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये ती जिवंत पाहिली गेली. दुसरी आकृती मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील १९ सेंमी पंखविस्ताराच्या टाचणीची, म्हणजे चतुराच्या बारीक शरीराच्या नातलगाची. ती हवेत तरंगत कोळ्यांना जाळ्यातून उचलते. तिसरी दक्षिण अमेरिकेतील १२ सेंमीच्या पाणढेकणाची. त्याचा भारतीय भाऊबंद पावसाळ्यात रस्त्यावरच्या दिव्याखाली पडलेला सापडतो, आणि मणिपूर ते थायलंड या पट्ट्यात तो आवडीने खाल्ला जातो.

२६ सप्टेंबर

छपाईचे नमुने आले. प्रत्येक आकृतीसोबत छापलेली १० सेंमीची पट्टी फुटपट्टीने तपासली. छापताना माप कमी-जास्त झाले तर तिथेच कळावे, यासाठी ती घातली होती. सगळी मापे बरोबर आहेत.

वजनाच्या भागासमोर टेबलावर वाळूच्या पुरचुंड्या ठेवल्या आहेत : २८, ४४, ७१, १०० आणि २२८ ग्रॅम. रसायनशास्त्र विभागाच्या तराजूवर त्या भरून घेतल्या आणि त्यांवर कीटकाचे नाव, प्रौढ की अळी, आणि कोणत्या स्थितीतले वजन, हे लिहिले. पहिल्या पुरचुंडीवर फक्त "चिमणी" असे आहे.

३० सप्टेंबर

फलक भिंतीवर चढला. मेगॅन्युरॉप्सिसची तुटक रेषेची आकृती सर्वांत वर आणि फोबेटिकस चानी व ६४ सेंमीचा चिनी काडीकीटक डोळ्यांच्या उंचीवर आडवे लावले. टायटनच्या अळीची चौकट रिकामी आहे, आणि ती चित्र राहून गेल्याने रिकामी नाही, हे खाली स्पष्ट लिहिले आहे. विक्रमांच्या पट्ट्या डिंकाने न चिकटवता वेलक्रोने बसवल्या असून प्रत्येकीवर "सप्टेंबर २०२५ पर्यंत" असा शेरा आहे. ॲक्रोफिला आल्टाची पट्टी ऐनवेळी घालावी लागल्याने वजनाच्या ओळीत जागा दाटली होती, म्हणून तिथे पुढील वर्षासाठी एक हात मोकळी जागा सोडली आहे.